सातबारा ते साडेबारा

पनवेल-उरण पट्ट्यात ‘साडेबारा’ एवढे म्हटले तरी पुरते; पुढे ‘टक्के’ लावावे लागत नाही. सिडको या सरकारी महामंडळाने नवी मुंबईसाठी संपादन केलेल्या जमिनीच्या बदल्यात मूळ मालकाला साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची ही योजना इथल्या लोकांच्या बोलण्यात, भाऊबंदकीत आणि लग्नाच्या बैठकीतही मुरलेली आहे. या आकड्याच्या अगदी शेजारी बसणारा दुसरा एक आकडा मात्र क्वचितच कोणाच्या तोंडी येतो. २०१७ च्या फेब्रुवारीत नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या निविदा उघडल्या, तेव्हा जीव्हीके समूहाने सिडकोला महसुलातला १२.६० टक्के वाटा देऊ केला होता. जीएमआरची बोली १०.४४ टक्क्यांची होती. काम जीव्हीकेकडे गेले. साडेबारा आणि १२.६०, दोन्हींत अंतर एक दशांश टक्क्याचे. पण पहिला वाटा जमिनीचा आहे, तो एकदाच हाती येतो आणि विकला की संपतो. दुसरा वाटा उत्पन्नाचा आहे. करार चालू असेतोवर आणि विमाने उतरत असेतोवर तो येत राहतो. पहिला शेतकऱ्याला मिळाला, दुसरा महामंडळाला. पनवेलचा बाजार आणि पनवेलचे राजकारण आज जसे आहे तसे का झाले, याचे उत्तर मला या दोन आकड्यांच्या स्वभावातल्या फरकात दिसते.

या संग्रहाचा विषय पनवेल परिसरातली जमीन, तिच्यावर उभा राहिलेला व्यवहार आणि त्या व्यवहाराने घडवलेले राजकारण हा आहे. त्यात अधूनमधून ऑस्ट्रेलियाचा उल्लेख येतो, आणि वाचकाला तो सुरुवातीला ओढूनताणून आणलेला वाटण्याची शक्यता आहे. तसा तो नाही. जीव्हीकेच्या जागी आलेल्या ज्या अदानी समूहाकडे आज आपल्या विमानतळाचा ७४ टक्के भाग आहे, त्याच समूहाची क्वीन्सलँडमधली कारमायकल कोळसा खाण २०१९ च्या ऑस्ट्रेलियन निवडणुकीतला एक मोठा वादविषय होती. सिडनी शहराच्या पश्चिमेला शेतजमिनीवर सरकारने दुसरा विमानतळ बांधायला घेतला आणि त्यासाठीही आपल्याप्रमाणेच लोकांना अनेक दशके ताटकळावे लागले. जमीन, विमानतळ, कामगारांची बचत आणि निवडणूक या चार गोष्टी तिथेही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. फक्त त्यांची गाठ वेगळ्या ठिकाणी पडली, आणि ती कुठे पडली हे पाहिले की आपल्याकडे काय राहून गेले ते स्पष्ट होते.

आधी थोडे मागे जाऊ. पनवेल हे मुळात जमिनीच्या किमतीवर जगणारे गाव नव्हते. १८५२ साली इथे नगरपालिका आली, म्हणजे राज्यातल्या अगदी जुन्या नगरपालिकांपैकी ही एक. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाला आणि मुंबईहून गलबताने पनवेल बंदरात उतरून पुढे पुण्याला जाण्याची वाट रुळली. भाताचा व्यापार, भातगिरण्या, बैलगाड्या आणि त्यांची चाके बनवणारे कारागीर, १८७२ मध्ये सुरू झालेला धूतपापेश्वरचा औषधी कारखाना, अशी या गावाची मिळकत होती. माल येई, जाई, आणि त्या येण्याजाण्यात प्रत्येक हाताला काहीतरी पडे. आजूबाजूच्या गावांत आगरी, कराडी, कोळी समाजाची भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी होती. डोंगराकडेला ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या होत्या. गरिबी होती, सावकारीही होती, म्हणून या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण तिचा एक गुण नजरेआड करू नये: ती दरवर्षी चालणारी होती. शेत पुन्हा पिके, मीठ पुन्हा जमे, खाडीत पुन्हा जाळे पडे.

१९७० च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली. मुंबईचा भार खाडीपलीकडे हलवावा ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकाच्या मध्यावर मांडली होती. ती अमलात आणण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी निश्चित झाला. त्या योजनेतला आर्थिक विचार साधा आणि स्वतःपुरता तर्कशुद्ध होता: शेतीच्या भावाने जमीन घ्यायची, तिच्यावर रस्ते, पाणी, रेल्वे आणायची, मग शहराच्या भावाने भूखंड विकून तो सगळा खर्च भागवायचा. म्हणजे शहर उभारणीचे भांडवल जमिनीच्या किमतीतल्या वाढीतून येणार होते आणि ती वाढ ज्याच्या जमिनीत होणार होती तो शेतकरी त्या हिशेबात भागधारक नव्हता. तो केवळ पहिल्या दिवशीचा विक्रेता होता. जासईचे दि. बा. पाटील यांनी हे फार लवकर ओळखले. पनवेलमधून पाच वेळा आमदार, दोनदा खासदार आणि पेशाने वकील असलेल्या या शेतकरी कामगार पक्षाच्या नेत्याने १९८४ च्या जानेवारीत जो लढा उभारला, त्यात १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात पाच माणसे गेली. त्या रक्तातून १९९० चा साडेबारा टक्क्यांचा निर्णय निघाला आणि १९९४ मध्ये तो आधी संपादन झालेल्या जमिनींनाही लागू झाला. संपादन केलेल्या जमिनीच्या वाढीव किमतीत मूळ मालकाचा हक्क आहे, हे सरकारने एवढ्या मोठ्या प्रमाणावर मान्य करणे ही त्या काळात क्रांतीच होती. पुढे मी या योजनेविषयी जी टीका करणार आहे ती हा ऋणनिर्देश करूनच करतो आहे.

योजना हातात आली की तिचे काय होते, हे एका एकराच्या हिशेबाने पाहू. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५०६ चौरस मीटर. त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी तीस टक्के वजा होतात, म्हणजे प्रत्यक्षात साडेबाराचे पावणेनऊ होतात आणि हाती ३५४ चौरस मीटर उरतात. ज्याच्या नावावर सातबारा होता तो आजोबा मधल्या काळात गेलेला असतो. पाच वारस धरले तर माणशी सत्तर चौरस मीटर, म्हणजे एका बेताच्या फ्लॅटएवढी जागा. तीही लगेच मिळत नाही. जुन्या सातबाऱ्याचा उतारा, निवाड्याची प्रत, वारस दाखला, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्या, पात्रता, सोडत, इरादापत्र, करारनामा या पायऱ्या चढाव्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी मदतीला उभा असतो, ज्याला घरात पैसा नसल्यामुळे भूखंडातूनच काही कबूल करावे लागते. शेवटी त्रिपक्षीय करार होतो आणि भूखंड बांधकाम व्यावसायिकाकडे जातो. एक गोष्ट तर फारशी कोणी बोलतच नाही: सिडकोचा भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या सातबाऱ्यावर मालक म्हणून लागलेले नाव त्याच जमिनीच्या तुकड्यावर भाडेपट्टाधारक म्हणून परत येते.

या व्यवहाराने इथल्या बाजाराला वळण लावले. एका तालुक्यात एवढ्या थोड्या काळात एवढा पैसा भूखंडाच्या रूपाने आला की भूखंडाखेरीज दुसऱ्या कशात बुद्धी आणि बचत गुंतवणे वेडेपणाचे ठरू लागले. तळोज्याची औद्योगिक वसाहत होती, कळंबोलीचा पोलाद बाजार होता, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. पण स्थानिक भांडवल त्या उद्योगांत मालक म्हणून फारसे शिरले नाही. ते जमिनीच्या दलालीत, भरावाच्या कामात, डंपर-पोकलेनमध्ये आणि इमारतींत गेले. राजकारण त्याच्यामागोमाग गेले. कोणत्या गावाचे साडेबारा अडकले, कोणाची गरजेपोटी बांधलेली घरे नियमित होणार, भरावाचे काम कोणाला मिळणार, यावर सभा भरू लागल्या आणि पक्ष बदलू लागले. याचा सगळा दोष मी पुढाऱ्यांच्या माथी मारणार नाही. लोकांच्या हातात जी मालमत्ता दिली जाते तिच्याभोवतीच त्यांचे राजकारण फिरते. भूखंड ही प्रत्येकाने स्वतंत्रपणे, आपापल्या वशिल्याने मिळवायची वस्तू असल्यामुळे तिचे राजकारणही सुटे-सुटे झाले. १९८४ ला एकवटलेला समाज भूखंडाच्या सोडतीसमोर एकेकटा उभा राहिला.

विमानतळाच्या नावाचे आंदोलन मला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटते. २०२१ च्या जूनमध्ये दि. बा. पाटील यांच्या नावासाठी मानवी साखळी झाली, त्यांच्या स्मृतिदिनी, २४ जूनला, सिडकोवर प्रचंड मोर्चा गेला आणि २०२२ मध्ये राज्य सरकारला तो आग्रह मान्य करावा लागला. बाहेरच्या अनेकांनी हा अस्मितेचा उमाळा म्हणून सोडून दिला. माझे मत वेगळे आहे. १,१६० हेक्टरांच्या या प्रकल्पासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली यांसह दहा वस्त्या उठल्या, उलव्याचा डोंगर कापला गेला, नदीचे पात्र वळवले गेले. मोबदला म्हणून साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचे पॅकेज मिळाले, जे जुन्या योजनेपेक्षा नक्कीच चांगले होते. समभागांची भाषा अधूनमधून झाली, तरी मोबदल्याचा कणा भूखंडच राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने सुरू झाली. त्या कंपनीत अदानींचे ७४ टक्के आणि सिडकोचे २६ टक्के आहेत. अशा वेळी, भूखंड ज्याचे त्याने घेऊन झाल्यावर, सर्वांचे मिळून असे त्या विमानतळात काय उरले? नाव उरले. सर्वांनी एकत्र येऊन मागावी अशी तेवढी एकच गोष्ट होती, म्हणून लोक तिच्यासाठी रस्त्यावर आले. त्या मागणीमागे भागीदारीचीच भूक आहे, असे मी समजतो.

आता सिडनीकडे पाहू. १९८६ मध्ये तिथल्या संघराज्य सरकारने बॅजरीज क्रीक या शेतवस्तीची जागा दुसऱ्या विमानतळासाठी ठरवली आणि पुढच्या पाच वर्षांत जमीन ताब्यात घेतली. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०१८ उजाडले. जुना सिडनी विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला नवा बांधण्याचा पहिला हक्क होता; तिने २०१७ मध्ये नकार दिला, तेव्हा सरकारने स्वतःची कंपनी काढून तिच्यात ५.३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत भागभांडवल घालायचे ठरवले. म्हणजे नवा विमानतळ जनतेच्या पूर्ण मालकीचा. जुन्या विमानतळाची गोष्ट याहून बोलकी आहे. तो २००२ मध्ये खासगीकरणात ५.६ अब्ज डॉलरला विकला गेला आणि वीस वर्षांनी, २०२२ मध्ये, सुमारे २३.६ अब्ज डॉलरला ज्या गटाने घेतला त्यात ऑस्ट्रेलियन कामगार-कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधींचा वाटा मोठा होता. तिथे १९९२ पासून प्रत्येक मालकाला नोकराच्या पगारावर ठरावीक टक्के रक्कम त्याच्या निवृत्तिनिधीत भरावीच लागते; तीन टक्क्यांपासून सुरू झालेला हा दर जुलै २०२५ मध्ये बारा टक्के झाला. पुन्हा बाराच्या आसपासचा आकडा. या निधींची एकूण पुंजी आज चार हजार अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. सिडनीतली परिचारिका, गोदामातला हमाल, शाळेतला शिपाई, ज्यांनी आयुष्यात कधी शेअर बाजाराची पायरी चढलेली नाही, ते अशा रीतीने विमानतळाच्या मालकीत आहेत.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ऑस्ट्रेलिया श्रीमंत, विस्तीर्ण आणि विरळ वस्तीचा देश. त्याची उदाहरणे इथे कशाला? दुसरा याहून खरा आक्षेप असा की त्या देशालाही जमिनीच्या लोभाने पछाडलेले आहे. दोन्हींत तथ्य आहे. बॅजरीज क्रीकच्याच धावपट्टीच्या पुढच्या विस्तारासाठी २०१८ मध्ये ‘लेपिंग्टन ट्रँगल’ नावाचा जेमतेम तीस एकरांचा तुकडा सरकारने जवळपास तीन कोटी डॉलरला घेतला आणि वर्षभरात सरकारच्याच हिशेबात त्याची किंमत तीस लाखांच्या आसपास निघाली. दसपट! २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी हे चव्हाट्यावर मांडले. भाड्याने दिलेल्या घरावरचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करून कर वाचवण्याची सवलत आणि १९९९ पासून भांडवली नफ्यावर मिळालेली निम्मी सूट यांमुळे तिथली मध्यमवर्गीय माणसे एकावर एक घरे घेत गेली आणि तरुण पिढीला पहिले घर परवडेनासे झाले. मजूर पक्षाने या सवलती कमी करण्याचे आश्वासन घेऊन २०१६ आणि २०१९ च्या निवडणुका लढवल्या आणि दोन्ही हरला. घरमालकांचा मतदारवर्ग एकदा तयार झाला की राजकारण कसे बांधले जाते, हे पनवेलकरांना वेगळे सांगायला नको. कारमायकल खाणीच्या वेळी तर तिथल्या आदिवासी समाजातच करारावरून उभी फूट पडली. म्हणून ऑस्ट्रेलियाला गुरू करावे असे मी सुचवत नाही. एवढेच दाखवायचे आहे की जिथे सामान्यांच्या हाती सुटी जमीन आली तिथे त्या देशाचेही राजकारण जमिनीत रुतले, आणि जिथे सामान्यांच्या हाती उत्पन्नाचा सामायिक वाटा आला तिथे त्यांची पुंजी टिकली आणि वाढली.

शिवाय हा विचार समजण्यासाठी समुद्र ओलांडायची गरजही नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा ऊस घालणारा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला. उसाच्या भावाबरोबर कारखान्याच्या मालकीतही तो आला. पुढे त्या चळवळीचे काय झाले हा वेगळा आणि दुःखद विषय, पण तिचे बीज भागीदारीचे होते. जमिनीच्या बाबतीत हडपसरजवळचे मगरपट्टा सिटीचे उदाहरण आहे. तिथल्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन बांधकाम व्यावसायिकाला विकली नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने स्वतःचीच कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन त्याला तितके भाग, आणि नगर उभे राहिल्यावर विक्रीबरोबर भाड्याचे उत्पन्नही त्यांच्याकडे येत राहिले. मगरपट्ट्यात बहुसंख्य कुटुंबे एकाच भावकीची होती, जमीन पुण्याला खेटून होती आणि नेतृत्व एकमुखी होते, हे मान्य केलेच पाहिजे. नवी मुंबईच्या ९५ गावांत यातले काहीच नव्हते. पण इथे सिडको होती. जे मगरांना आपसातल्या विश्वासावर करावे लागले, ते सिडको कायद्याच्या बळावर करू शकली असती.

सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारा युक्तिवाद असा: भूखंडांनी इथे करोडपती घडवले, मग तक्रार कसली? पनवेल, कामोठे, खारघर, उलवे इथल्या इमारती पाहून हे म्हणणे पटते. परंतु भूखंडाचा फायदा कोणाला झाला ते नीट पाहावे. ज्याच्याकडे घर चालवण्याइतके दुसरे उत्पन्न होते तो थांबू शकला आणि रेल्वे, द्रुतगती मार्ग, शेवटी २०२४ च्या जानेवारीतला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, या प्रत्येक टप्प्यावर वाढत गेलेला भाव त्याला मिळाला. ज्याच्या घरात आजारपण होते, मुलीचे लग्न होते, कोर्टाची तारीख होती त्याने इरादापत्रावरच व्यवहार केला, सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तात. गरजूने आधी विकायचे आणि सधनाने नंतर, हा कोणत्याही विकाऊ मालमत्तेचा स्वभावच आहे. म्हणूनच ऑस्ट्रेलियन निवृत्तिनिधीतली रक्कम साधारणपणे साठीपर्यंत काढता येत नाही. विमानतळाच्या महसुलातला वाटा अशाच न विकता येणाऱ्या, फक्त वारसांकडे जाणाऱ्या एककांत बांधून प्रकल्पग्रस्तांना दिला असता, तर घाईत केलेल्या सहीचा पश्चात्ताप एका पिढीला तरी झाला नसता. सिडकोचे उत्पन्न रस्त्या-पाण्यासाठीच खर्च होते, त्यात वाटेकरी का वाढवायचा, असेही विचारले जाईल. उत्तर सरळ आहे. रस्त्या-पाण्याचे पहिले भांडवल या शेतकऱ्यांनीच घातले. बाकीचे नंतर आले.

याहून बोचणारा आक्षेप आपल्याच गावातून येतो. सामायिक निधी म्हणजे पुन्हा कोणाच्या तरी हाती लोकांचा पैसा. आणि पनवेलने कर्नाळा नागरी सहकारी बँकेचे काय झाले ते पाहिलेले आहे. पाचशे कोटींहून अधिक रकमेच्या गैरव्यवहाराचे आरोप झाले, बनावट कर्जखात्यांचा तपास लागला, २०२१ च्या जूनमध्ये बँकेच्या माजी अध्यक्षांना, जे माजी आमदारही होते, सक्तवसुली संचालनालयाने अटक केली आणि ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. पाच लाखांच्या ठेवविम्यामुळे बहुतेक लहान ठेवीदारांचे पैसे मिळण्याची सोय झाली, पण ज्यांनी भूखंड विकून आलेली रक्कम विश्वासाने ठेवली होती त्यांच्या वाट्याला आलेली ती वर्षे कोण भरून देणार? हा अनुभव मी हलका लेखत नाही. मात्र त्यातून ‘सामायिक संस्था आपल्याला जमतच नाहीत’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये न्यायमूर्ती केनेथ हेन यांच्या आयोगाचा अहवाल आला, तेव्हा देशातल्या मोठमोठ्या, सुशिक्षित, सूटबूटवाल्या वित्तसंस्थांनी मेलेल्या ग्राहकांच्या खात्यांतूनही सल्ल्याचे शुल्क कापल्याचे जगासमोर आले होते. त्यावर त्यांनी निधी बंद केले नाहीत. २०२१ पासून दरवर्षी निधींच्या कामगिरीची सक्तीची परीक्षा सुरू केली. जो निधी नापास होईल त्याने आपल्या प्रत्येक सभासदाला पत्र लिहून तसे कळवायचे. कर्नाळा बँकेत जे नव्हते ते हेच: वेळेवर, बाहेरच्या माणसाने केलेली आणि सभासदाच्या घरापर्यंत पोचणारी तपासणी. मागणी तिची करावी.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले तर हा सगळा विचार अपुरा राहील. साडेबारा मिळण्यासाठी आधी सातबारा असावा लागतो. खाडीचा सातबारा नसतो. कुळकायद्यात नाव न लागलेल्या मजुराचा नसतो, मिठागरावर राबणाऱ्याचा नसतो, पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरावर राहणाऱ्या कातकऱ्याचाही बहुधा नसतो. बंदराच्या भरावामुळे मासेमारी गेलेल्या उरण-न्हाव्याकडच्या कोळ्यांना न्यायासाठी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावे लागले, तेव्हा कुठे २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांसाठी सुमारे ९५ कोटींच्या भरपाईचा आदेश झाला. जमिनीच्या टक्क्यांत बोलणारी कोणतीही योजना या माणसांना आपोआप वगळते, कारण शून्याचे साडेबारा टक्के शून्यच असतात. उत्पन्नाच्या वाट्याला मात्र सातबाऱ्याची अट घालण्याचे कारण नाही. गावाच्या मतदारयादीवर, रेशनकार्डावर, होडीच्या नोंदणीवरही तो देता येतो. भूखंडापेक्षा हिस्सा न्याय्य आहे असे मी म्हणतो त्याचे सर्वांत मोठे कारण हे आहे, आणि दि. बां.च्या लढ्याचा राहून गेलेला अर्धा भागही मला हाच वाटतो.

हे सगळे इतिहासजमा झाले असते तर एवढी मोठी प्रस्तावना लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण गावे अजून ओढली जात आहेत. २००८ च्या सप्टेंबरमध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी महामुंबई सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रावर) सार्वमत दिले आणि तो प्रकल्प पुढे बारगळला. जमीन वाचली, पण पर्यायी वाटेचा प्रश्न तसाच राहिला. २०१३ मध्ये विमानतळाभोवतीच्या गावांसाठी ‘नैना’ हे नियोजन क्षेत्र अधिसूचित झाले, ज्यात मालकाने साठ टक्के जमीन देऊन चाळीस टक्के अंतिम भूखंड घ्यायचा आहे. त्याच्या विरोधात पनवेलच्या गावांत अजून सभा होतात. २०२४ मध्ये कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावे, ३२३ चौरस किलोमीटरांचा प्रदेश निश्चित झाला. आकाराने हे जवळजवळ सिडकोच्या मूळ नवी मुंबईएवढेच आहे. चिरनेर हे १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे गाव. हक्क म्हणजे काय हे त्याला शिकवावे लागणार नाही. तरीही तिथली चर्चा पुन्हा टक्क्यांभोवतीच फिरते आहे: साडेबारा, साडेबावीस, चाळीस. या संग्रहातले लेख त्या १२४ गावांतल्या वाचकाने आधी वाचावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि मोबदल्याचा तक्ता ग्रामसभेपुढे येईल तेव्हा त्यात भूखंडाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना मागून घ्यावा: दरवर्षी किती, आणि गावातल्या कोणाकोणाला. तो भरून मिळेपर्यंत संमतीपत्रावर सही करू नये.